टिकली

अडीच गिल्डर मोजले की मी बिल्ला देतो,
पितळी, बटाट्याच्या सालीइतका पातळ,
वर राज्याचा सिंह. सायकलच्या मानेवर बांधायचा.
ज्याच्याकडे अडीच गिल्डर नाहीत आणि कामही नाही
त्यालाही देतो. फुकट.
फक्त देण्याआधी
लोखंडी ठोकळ्यावर ठेवून मधोमध भोक पाडतो.

एक घाव. टिकली उडते, काउंटरखाली घरंगळते.
बिल्ल्यातून पलीकडचं दिसायला लागतं.

भोकाच्या बिल्ल्यावर रविवारी सायकल चालवायची नाही.
नियम माझा नाही. हेगहून आला, टपालानेच.
रस्ता सगळ्यांचा, म्हणून सगळ्यांनी भरायचं;
ज्याला भरता येत नाही
त्याने सहा दिवस काम शोधत फिरावं,
सातव्या दिवशी हौस करू नये.

त्या हिवाळ्यात दलदलीवरची कामं बंद झाली.
लाकडी बूट खडखडत दारापर्यंत रांग.
एकशे चौदा भोकं पाडली मी.
टिकल्या मोहरीच्या रिकाम्या बरणीत टाकत गेलो.

लामेर्ट आला तो मंगळवार होता.
टोपी काढली नाही.
"मास्तर, एक हिशेब सांगा.
बटाट्यांचा ट्रक कारखान्याकडे जातो
तेव्हा रस्त्याच्या विटा खचतात.
मी गेलो तर विटेला पत्ताही नसतो.
आणि रविवारी माझं वजन वाढतं का?"

मी म्हणालो, विटा भाजायला पैसा लागतो,
पुलाच्या रंगाला लागतो.
सगळेच असं म्हणाले तर
उद्या चिखलातून जावं लागेल.
(हे मला पटतं. आजही पटतं.)

"चिखल?" तो म्हणाला.
"दलदलीतून तो मीच उपसला, वाळवला, विकला.
तुमच्या त्या शेगडीत जळतोय तो."

शेगडीकडे मी बघितलं नाही. घाव घातला.
बिल्ला सरकवला.
तो हलेना.

"आता माझी टिकली द्या."
"कसली?"
"बिल्ला सरकारने दिला, भोक तुम्ही दिलंत.
मधलं कुठे गेलं?"

वही उघडली. बिल्ल्यांचा रकाना होता,
भोकांचाही होता, तारीखवार.
टिकल्यांचा नव्हता.
सरकारला जे नकोच होतं
ते मी बारा आठवडे का जपत होतो
हे मलाही सांगता येईना.

टिकली तर काउंटरखालून उचलून
सवयीने मी केव्हाच बरणीत टाकली होती.
बरणी पालथी केली. तो एकेक लावून बघत बसला,
कुठली नीट बसते.
सगळ्या सारख्याच आहेत रे, म्हणालो.
"माझीच हवी."
मागची रांग गप्प. कुणी खोकलंसुद्धा नाही.

रविवारी कालव्याच्या पुलावर वारा होता.
शिपाई बूलेन्स प्रत्येक सायकलपाशी वाकायचा,
बिल्ला अंगठ्याने उचलून आभाळासमोर धरायचा.
उजेड आरपार आला की
"उतरा."
किती जण हाताने सायकल ढकलत चर्चकडे निघाले होते!
चाकं तेवढीच फिरत होती त्याच विटांवरून.

लामेर्ट बसून आला.
मागच्या कॅरियरवर हिलेखिन, एका बाजूला पाय टाकून;
धाकट्याच्या वेळेपासून तिची कंबर धरते, चालवत नाही.
बूलेन्स वाकला. बिल्ला उचलला.
उजेड आला नाही.

डांबराने चिकटवली होती.
जरा तिरकी, म्हणजे सिंहाने
मान वळवून मागे बघितल्यासारखी.

बूलेन्सने बोटाला लागलेलं काळं बघितलं.
मग माझ्याकडे बघितलं.
माझी सायकल कठड्याला टेकलेली,
बिल्ला अखंड, पावती खिशात.
मी काहीतरी बोलायला हवं होतं,
कुठल्या बाजूने ते ठरेना,
तोवर चर्चची घंटा सुरू झाली.

"पूल अडवू नका," बूलेन्स म्हणाला,
आणि बोट पाटलोणीला पुसलं.

सोमवारी पोस्टाचं दार उघडलं तर रांग.
बिल्ला एकालाही नको होता.