खुडूक

खोका मासळीबाजारातला, थर्मोकोलचा,
तीनदा धुतला तरी सुरमईचा वास धरून.
चाळीसचा बल्ब.
एका मेलेल्या एसीतून काढलेला थर्मोस्टॅट.
आणि खल्फानच्या इझबेतली चौदा अंडी.
पैसे नाही घेतले त्यानं,
म्हणाला, निघाली तर निम्मी माझी.

मी सोहारमध्ये लोकांची घरं गार करतो.
भर दुपारी गच्चीवर चढून
गॅस भरतो, कॉइल धुतो,
कुणाचा तरी हॉल बावीसवर आणून देतो
आणि शिडीवरून खाली.
रात्री स्वयंपाकघरात, फ्रीजच्या अंगाला,
उकिडवा बसून साडेसदतीस सांभाळतो.

गुलजमाननं विचारलं, अशा बसून राहणाऱ्या कोंबडीला
तुझ्या गावात काय म्हणतात?
खुडूक, म्हटलं.
तेव्हापासून खोलीत माझं तेच नाव.
सुधाकरन म्हणतो कुडुक,
पण दुपारची पाळी तोच करतो,
रात्रभर गोदाम राखून आलेला,
अर्धवट झोपेत एकेक अंडं
फुलीवरून गोळ्यावर फिरवून ठेवतो.
(पेन्सिलीच्या खुणा माझ्या.
एक गोळा त्यानं हसरा करून ठेवलाय.)

आई फोनवर म्हणाली,
लोखंड ठेवलंस का? खिळा? आणि सुकी मिरची?
गडगडलं की अंडी नासतात.
अगं, इथे ढगच नाहीत.
तरी ठेव.
ठेवला. स्प्लिट एसीचा स्क्रू,
आणि गुलजमानच्या डब्यातली एक मिरची.

सातव्या रात्री दिवे बंद करून
मोबाईलचा टॉर्च लावला.
पाच अंडी नुसती पिवळी, रिकाम्या खोलीसारखी.
नऊंमध्ये लाल कोळी,
पाय ताणून बसलेला,
आणि मधोमध एक ठिपका हलत होता.
कुणी बोललं नाही बराच वेळ.

सोळाव्या रात्री वीज गेली.
सगळा मजला दारात आला, शिव्या देत.
एसी बंद, पंखे बंद,
मला मात्र बल्बचंच पडलेलं.
छत्तीस. पस्तीस.
मग आठवलं, गच्चीवरची टाकी.
उन्हाळाभर जिच्या नावानं खडे फोडतो,
आंघोळीला धड हात घालवत नाही जिच्या पाण्यात.
चार बाटल्या भरल्या, फडक्यात गुंडाळल्या,
खोका उचलून गच्चीवरच नेला.
बाहेरची हवा दमट, जड,
पिसांखाली असावी तशी.
तिघं आळीपाळीनं बसलो.
दूर रिफायनरीची ज्योत तेवढी पेटलेली.

एकविसाव्या दिवशी आधी आवाज आला.
कवच अजून अख्खं, आणि आतून चिवचिव.
लेक झाली तेव्हा मी बुरैमीत होतो,
एका शाळेच्या गच्चीवर,
दोन्ही हात ग्रीसनं भरलेले.
फोन शर्टाच्या खिशात थरथरत राहिला,
उचलता आला नाही.

पहिल्या अंड्याला मोहरीएवढी चीर पडली
नि तिथेच थांबली. सहा तास.
बोट शिवशिवत होतं.
आई म्हणाली होती, सोलायचं नाही,
रक्त येतं, त्याचं त्याला येऊ दे.
मी हात मांडीखाली घेऊन बसलो.

सहा निघाली.
ओली, कुरूप, मान टाकून पडलेली,
आणि तासाभरात कापसासारखी फुगून
एकमेकांना तुडवणारी.
तीन आतच राहिली.
ती सुधाकरननं कागदात गुंडाळून कुठे नेली,
मी विचारलं नाही.

शुक्रवारी खल्फान पिकअप घेऊन आला.
तीन माझी, तीन तुझी.
माझी ठेवू कुठे? दहा बाय बारात तीन माणसं.
मग त्यानं तिघांच्या पायाला निळा दोरा बांधला,
ही तुझी, म्हणाला, माझ्याकडे राहतील,
आणि सहाही घेऊन गेला.

थर्मोस्टॅट गेल्या महिन्यात
एका मॅडमच्या एसीत बसवला, नवा मिळेना म्हणून.
त्यांचा रोज फोन येतो.
मिस्त्री, काय केलंय तुम्ही,
हॉल गारच होत नाही.