धुतलेलंच धुणं

बाई मंगळवारी येतात, साडेआठनंतर,
हॉटेलवाल्यांचे टेबलक्लॉथ तोवर धुऊन झालेले असतात
आणि चढावरून उतरणारी बस
खिडकीची काच जराशी हलवून गेलेली असते.
पोर्तोच्या एका गल्लीच्या पोटातलं हे लाँड्रीचं दुकान:
नऊ मशीन, दोन ड्रायर, एक बाक
आणि मी, गास्पार, चिल्लर मोडून देणारा.

पहिले दोन महिने वाटलं, काय हे स्वच्छतेचं वेड!
मग एकदा त्यांची चादर खाली पडली, मी उचलून दिली,
तर तिला इस्त्रीचा वास.
धुतलेलीच होती. घडीसुद्धा मोडली नव्हती.
मी काही बोललो नाही.
पैसे देऊन नुसतं पाणी फिरवणाऱ्या माणसाला
काय विचारायचं?

चार नंबरचं मशीन त्यांचं.
त्याचं बेअरिंग गेलेलं. पिळायला लागलं की
पाय आपटत भिंतीकडे सरकायचं,
जात्यात खडे पडल्यासारखी घरघर.
बाकीची गिऱ्हाइकं त्याला टाळायची.
ओंदिनाबाई त्याच्याच समोर बसून वही उघडायच्या.

एकदा आपण होऊन म्हणाल्या,
"घरी इतकं शांत आहे, गास्पार, की मला मीच ऐकू येते.
वाक्य लिहायच्या आधीच
ते चुकलंय म्हणून आतून कोणीतरी सांगतं.
इथे त्या कोणीतरीला ओरडून बोलावं लागतं,
आणि ओरडायची त्याला लाज वाटते."

निम्मं कळलं मला. माझी आई शिवणाच्या कारखान्यात होती,
रविवारी दुपारी तिला झोप लागायची नाही.
म्हणायची, कानाला काम दिलं नाही
तर तो घरभर लुडबुड करत फिरतो.

वही फुगत गेली. चादर विरत गेली.
फेब्रुवारीत तिच्यातून बल्ब दिसायला लागला.

मग मालकांनी मशीन बदलली.
नवी, पांढरी, इतकी गुपचूप
की आत पाणी आहे का ते वाकून बघावं लागतं.
बाई आल्या. चादर टाकली, नाणं टाकलं, वही उघडली.
अडतीस मिनिटांत पेनाचं टोपण
बारा वेळा काढलं, बारा वेळा लावलं.
मी मोजत होतो. मला तरी दुसरं काय काम?
फोनवर समुद्र लावून पाहिला.
"हा समुद्र," म्हणाल्या, "चौथ्या मिनिटाला
पुन्हा पहिल्या लाटेवर येतो. मग मी
त्या लाटेचीच वाट बघत बसते."
खरा समुद्र बसने वीस मिनिटांवर,
पण तिथे वारा न विचारता पानं उलटतो.

मी आधी कमरेचा पट्टा काढला.
पँट घसरायला लागली, म्हणून परत लावला.
मग खिशातल्या किल्ल्या:
घराची, दुकानाची, आईच्या कपाटाची एक,
ते कपाट कोणाकडे गेलं कोण जाणे.
सगळा जुडगा ड्रायरमध्ये टाकला. नाणं माझंच.
खण्ण. खडाड. जरा उशीर. मग लागोपाठ दोनदा.
ताल नव्हता त्याला, आणि तेच बरं.
बाईंनी वर पाहिलं नाही.
टोपण बाकावर आडवं पडलं आणि तिथेच राहिलं.

दुकान दहाला बंद होतं.
पण बंद करायची किल्ली आत फिरतेय,
आणि ती काढायची म्हणजे त्या पानावर
कोणी मरत असेल, कोणी परत येत असेल,
त्याला अर्ध्यात उभं ठेवायचं.
मी शटर निम्मं ओढलं. आणखी एक नाणं टाकलं.

अकराला दहा कमी असताना त्या उठल्या.
चादरीची घडी घातली, ओलीच.
"उद्या आले तर चालेल?"
उद्या बुधवार होता.

किल्ल्या इतक्या तापलेल्या
की रुमालात धरून गल्लीत उभा राहिलो,
त्या निवेपर्यंत.
तेव्हा कुठेच काही वाजत नव्हतं.
मला ते आवडलं नाही.