पिवळे रकाने

येवस्ताफी, तुमची फाईल आज पुन्हा उघडली.
तार्तूत दुपारी तीनलाच दिवे लागलेत,
आणि माझ्या पडद्यावर पैपुस सरोवराचं बर्फ:
एकोणीस हिवाळे, चार रकाने,
तारीख, जागा, जाडी, शेरा.

पहिल्यांदा वाचायला सांगितलं
तेव्हा यंत्राने वरच्या तीन ओळी गाळून टाकल्या.
तुमचं नाव, गावाचं नाव, वार्न्या,
आणि खाली ‘देवाच्या कृपेने सुरुवात’.
अंक नव्हते ना ते.

मग तारखा.
तुमचा दोन हजार दहाचा तेरा जानेवारी
माझ्याकडे पोचला चाळीस हजार एकशे एक्क्याण्णव होऊन.
तक्ता जुन्या शतकापासून दिवस मोजत आलाय,
त्यात एकोणीसशे सालचा एकोणतीस फेब्रुवारीही धरलाय,
जो कधी उगवलाच नव्हता.
तुमच्या प्रत्येक सकाळच्या पाठीवर
त्या न उगवलेल्या दिवसाचं ओझं.
एक वजा केला. हलकं वाटलं.

जाडी: बेचाळीस, स्वल्पविराम, पाच.
आमच्याकडे सगळे असंच लिहितात, मीसुद्धा,
पण यंत्राला हवं टिंब.
स्वल्पविराम दिसला आणि ते खरोखरच थांबलं,
अख्खा रकाना शब्द समजून बाजूला ठेवला.
एका आज्ञेत एकोणीसशे विराम पुसले.

रिकाम्या जागी आला नॅन.
‘अंक नाही’ एवढंच म्हणतो, पुढे बोलत नाही,
पण बेरजेत एक जरी शिरला
तर नासक्या कांद्यासारखा, अख्खी वेणी गेली.
राईगोने मागे तिथे शून्यं भरली होती.
आलेखात भर जानेवारीत सरोवर वितळलं,
नऊ वेळा.
शून्य म्हणजे पाणी, राईगो.
रिकामं म्हणजे माहीत नाही.

आणि काही नॅन तर रिकामेही नव्हते.
मूळ फाईलमध्ये जाऊन पाहिलं, जाडीच्या रकान्यात
तुम्ही लिहिलं होतंत,
‘बर्फ बोलत होतं. परत फिरलो.’
ज्या दिवशी सगळ्यांत जास्त सांगितलंत
त्या दिवशीही, अंक नाही.

तिथेच दिसले ते पिवळे.
सलग चौदा, फेब्रुवारी संपता संपता.
मी वापरते त्या आज्ञेला रंग दिसत नाही,
आकडे आत आले, पिवळं उंबऱ्यावरच राहिलं.
खुलासा कुठेच नव्हता. फोन लावला.
उचलला उलिताबाईंनी.

‘पिवळे? ते माझे.
ह्यांचा पाय मोडला होता, मीच जात होते गिरमिट घेऊन.
दोन सेंटिमीटर वजा करा हं,
माझं भोक तिरकं पडतं.’
मागे कोणीतरी खोकलं की हसलं. तुम्ही असाल.
आणि मधले ते दोन रिकामे दिवस?
‘गेलेच नाही. कांदे निवडत बसले.’

ते दोन तसेच ठेवलेत.
बाकीच्यांसाठी पाचवा रकाना जोडला, कोणी मोजलं:
तुमच्यापुढे शून्य, त्यांच्यापुढे एक.
(हे शून्य पाणी नव्हे, राईगोला सांगायला हवं.)
मग तुमचा आधीचा आकडा, तुमचा नंतरचा,
मध्ये सरळ रेघ, आणि रेघेच्या वर उलिताबाई,
सगळ्याच्या सगळ्या, थोड्याशा वर.
सरासरी फरक काढला, कागदावर टिपला:
१,९

हातून स्वल्पविरामच पडला.