दाखवायचा आकडा

झेनित्सात हिवाळ्यात खिडक्या उघडायच्या नसतात.
कारखान्याचा धूर बोस्ना नदीवर
पालथ्या पातेल्यासारखा बसून राहतो.
हायरुदिन आत आला
तो त्या धुराचाच एक तुकडा कोटाच्या खिशात घेऊन.

खालची डावी दाढ. मुळं दोन, दोन्ही वाकडी.
चाळीस मिनिटं लागली.
एकतीस वर्षं पोलादाच्या भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस
खुर्चीच्या हातांत बोटं रोवून छताकडे बघत होता.
तोंडात बोळा, म्हणून दाढ त्यानं हातानंच मागितली,
रुमालात बांधली
आणि लायटरशेजारी ठेवून दिली.

जिथे दाढ होती तिथे आता खळगा.
रक्त येतं, थांबतं, साकळतं,
आणि त्या साकळण्यावरच पुढचं सगळं उभं राहतं:
आधी मऊ जाळी, मग जाळीत चुन्याचे कण,
मग कधीतरी हाड,
घाईत विणलेल्या स्वेटरसारखं, सैल टाक्यांचं.
धूर बारीक रक्तवाहिन्यांची तोंडं आवळून धरतो,
विणणारीच्या हातातला गुंडा लांब ढकलत राहतो.
हे मी त्याला सांगितलं.
हवामानाच्या बातमीला हलवावी तशी
त्यानं मान हलवली.

रोज किती?
त्यानं एक हात पसरला,
दुसऱ्याचा अंगठा दाखवला.
मी सहा लिहिलं.

आमच्याकडे दोन पेट्या आहेत, क आणि ख.
एकीतून लेसर येतो, दुसरीतून नुसता पीं आवाज.
कुठली कुठली, मला ठाऊक नाही, व्येरालाही नाही.
ते सारायेवोतल्या एका कपाटात, पाकिटात बंद.
हायरुदिनच्या वाट्याला ख आली.
आम्ही तिघं हिरवे चष्मे लावून बसायचो
तलावाच्या तळाशी बसल्यासारखे,
गालाला दांडी टेकलेली, एक मिनिट.

"भट्टीत बघायला आम्हाला निळी काच असायची,"
तिसऱ्या खेपेला तो म्हणाला,
"तिच्यातूनसुद्धा उजेड खुपायचा.
हा तर दिसतच नाही.
आहे कशावरून?"
तो न दिसणाराच असतो, मी म्हटलं.
हे खरं होतं.
आणि उत्तर मात्र नव्हतं.

पाचव्या खेपेला बायको आली, झुमरा.
तो चष्म्याआड डोळे मिटून पडलेला असताना
तिनं भेटीचं कार्ड माझ्यापुढे उलटं धरलं.
मागे पेन्सिलीनं, दिवसागणिक:
बावीस. एकोणीस. एकवीस. एकवीस. तेवीस.
जिरेनियमच्या कुंडीत तो थोटकं खुपसतो,
सकाळी ती उकरून मोजते.
आपलेच दात, आपलेच ओठ.
ती काही बोलली नाही.
मी दाखवायच्या आणि चावायच्या दातांचा विचार करत
खाली वाचत गेले.
सोळा.
चौदा, त्यावर खोडून पंधरा.
एक दिवस अठ्ठावीस. (त्या दिवशी भावाचं दफन, तिनं बाजूला लिहिलेलं.)
अकरा. नऊ. नऊ. सात.
काल: सहा.

पेटी वाजली.
त्यानं चष्मा काढला, आम्हा दोघींकडे पाहिलं,
आणि जिभेनं तो खळगा चाचपला,
घर बंद करून निघालेला माणूस
कुलूप पुन्हा ओढून बघतो तसा.

तिसऱ्या महिन्याचा एक्स-रे माझ्यासमोर आहे.
काळ्या खळग्यात करडं काही भरत आलंय,
कडेनं दाट, मधे अजून धुकं.
ख मधे उजेड होता की नुसता आवाज,
पाकीट जूनमध्ये फुटेल तेव्हा कळेल.
कदाचित तेव्हाही
हे करडं कुणाच्या खात्यावर मांडायचं ते कळणार नाही.

अर्जावर रकाना एकच: रोज किती.
मी सहा खोडलं. वर वीस लिहिलं.
मग वीसकडे बघत बसले.
व्येरा दिवे मालवत होती.
खाली फाटकाशी हायरुदिन उभा, खिसे चाचपत.
लायटर काढतोय की दाढ,
इतक्या वरून दिसेना.