हात जाईल एवढी जागा

बारा वर्षांची होते आणि माझा हात बारीक होता,
म्हणून पलामारचुक म्हाताऱ्यानं मला बोलावलं.
आईला फोनवर म्हणाला, तासाभराचं काम आहे,
वर मधाची बरणी देईन.
तीन शनिवार लागले. मध मात्र दिला.

सस्कॅचेवानात, कॅनोरा गावाच्या उत्तरेला,
कनोलाच्या शेताकडेला यंत्रांची जुनी पत्र्याची शेड,
तिच्यात विमान.
खोक्यांतून सुटं सुटं आलेलं,
नवरा-बायकोनं नऊ हिवाळे जोडत बसलेलं.
बायको, स्तेफा, आता नव्हती.
विमान होतं, आणि त्याच्या डाव्या पंखात
एक चीर.

मला ती दिसेना.
त्यानं लाल रंग लावला, पुसला,
घड्याळाकडं बघत बसला, मग पांढरं काहीतरी फवारलं.
पांढऱ्यातून हळूहळू एक लाल केस वर आला,
माझ्या नखाएवढा.
“ओरखडा असता तर आला नसता,” एवढंच म्हणाला.

चीर थांबवायची तर तिच्या टोकाला भोक पाडायचं.
मला हे पटेना. फाटलंय तिथं आणखी फाडायचं?
टोकाला धार असते, तो म्हणाला, सगळा ताण धारेवर येतो.
गोल केलं की तिला कळत नाही पुढं कुठं जायचं.
ड्रिल फिरलं. पत्र्याचं एक चकचकीत वेटोळं
दिवसभर त्याच्या बाहीला चिकटून राहिलं.

मग ठिगळ. आणि ठिगळाला रिव्हेट,
रिव्हेटला दोन माणसं:
एकानं बाहेरून ठोकायचं,
दुसऱ्यानं आतून लोखंडाचा ठोकळा दाबून धरायचा.
आतल्याला बाहेरचा दिसत नाही, म्हणून खूण.
पत्र्यावर एकदा टिचकी: बसला.
दोनदा: बिघडला, काढ.
खूण स्तेफाची. दोनदाच जास्त वाजवायची म्हणे.

पंखाखालचं झाकण काढलं.
हात घालण्याआधी टॉर्च मारून डोकावले तर
आत, हिरव्या प्रायमरवर, निळ्या मार्करनं काहीतरी लिहिलेलं.
त्याला वाकता येत नव्हतं. म्हणाला, तूच वाच.
वाचता येईना. अक्षरं आमची नव्हती.
मी नुसते आकार सांगत गेले:
उलटा आर. मग थोडी जागा.
के. ए. तीनचा आकडा. पुन्हा ए.
मधली काडी नसलेला ए.
शेवटी पुन्हा साधा ए.
आणि एक बाण, थेट त्या भोकाकडं
जिथून चीर निघाली होती.

बराच वेळ कॉम्प्रेसर एकटाच बोलत होता.
मग म्हातारा हसायला लागला, ठसका लागेपर्यंत.
“मी सांगितलं होतं,” तो म्हणाला.
मला वाटलं, मलाच म्हणतोय.
“तसं लिहिलंय. भोक कडेला फार जवळ पडलंय, म्हणत होती.
मी म्हटलं, चालतंय.”
आणि जरा वेळानं, हातातलं फडकं उगाच घडी करत:
“शिसपेन्सिलनं नाही लिहिलं बघ.
शिसं पत्र्याला खातं. रागातसुद्धा
तेवढं भान होतं तिला.”

ठिगळाचा एक कोपरा त्यानं तिरका कापला,
अक्षरं झाकली जाऊ नयेत म्हणून.
यॉर्कटनहून तपासायला आलेल्या माणसाला सांगितलं,
वजन वाचवायला.
त्या माणसानं कडेपासूनचं अंतर दोनदा मोजलं,
मग सही केली.

नोंदवहीत: डावा पंख, मागचा स्पार, दुरुस्ती.
कारण: भोक कडेच्या जवळ.
‘दोष कुणाला आढळला’ या रकान्यात
त्यानं तिचं नाव घातलं,
आणि तारीख तेरा वर्षांपूर्वीची.

चौदा रिव्हेट होते. खांद्यापर्यंत हात आत,
गाल पंखाच्या थंड पत्र्याला टेकलेला.
तीन नीट बसले. चौथा वाकडा झाला.
मी दोनदा टिचकी मारली.

बाहेरून लगेच
काही आलं नाही.