रकाना क्रमांक चार

माजी विद्यार्थी कक्ष म्हणजे नांदेडात
परीक्षा विभागाच्या जिन्याखालची खोली.
पूर्वी इथं कोऱ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असायचे.
सुतळीचा वास अजून गेला नाही,
आणि एप्रिलात पंखा नुसतं ऊन ढवळतो.

मला इथं बसवलं तेव्हा साहेब म्हणाले,
"सोपं आहे. आपलीच पोरं. फोन करायचा,
आठवड्याचे चार तास मागायचे.
पैसे नाही मागायचे, हां."
पैसे मागायचे असते तर सोपं झालं असतं.
पैसे माणूस देतो आणि सुटतो.

अकराशे चाळीस नंबर.
त्यातले निम्मे बापांचे.
"पोरगं चाकणला हाय, कंपनीत.
तुमी कोण बोलू लालाव?"
विद्यापीठाचं नाव घेतलं की आवाज खाली येतो :
"काई राहिलं का त्याचं? फी बी?"

अर्जात विचारलं होतं, किती तास देऊ शकाल?
एकानं लिहिलं, कळवतो.
एकानं लिहिलं, आधी माझी मूळ गुणपत्रिका द्या.
नऊ वर्षं पडून होती. शोधून दिली.
तो परत आला नाही.
मन्मथ उदगीरे डॅलसहून
मुलाखतीचं तंत्र शिकवायला कायम तयार,
त्याच्या सकाळी, आमच्या संध्याकाळी,
नेमकी मेसची घंटा होते तेव्हा.

भाषणाला माणसं मिळतात. रांग लागते.
शाल, बुके, "मी जेव्हा इथं होतो…"
मला हवं होतं कुणीतरी
जे किनवटहून आलेल्या पोरीशेजारी बसून सांगेल
की उत्पन्नाचा दाखला
दोनशे छप्पन केबीत कसा बसवायचा.

सय्यद खमरोद्दीन, भौतिकशास्त्र, दोन हजार एक.
देगलूर नाक्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान.
"सर, मला बोलता येत नई. पंखे येतात."
दोन रविवारांत मुलींच्या वसतिगृहाचे एकतीस पंखे.
तिसऱ्या रविवारी त्यानं पोरींनाच वर चढवलं
आणि स्वतः खाली उभा राहिला
स्टूल धरून.

आणि अनुसया गजभारे.
लोह्याहून, एसटीनं. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
"माजी विद्यार्थी पाहिजेत म्हणं. मी चालंल का?"
बी.ए. तृतीय, राज्यशास्त्राचा एक पेपर राहिलेला,
साल अठ्ठ्याण्णव.
त्याच सकाळी कळा सुरू झाल्या.
"पोरगी झाली. पेपर तसाच राह्यला."
दूध उतू गेल्याचं सांगावं
तेवढ्याच आवाजात.

संगणकावर रकाना क्रमांक चार : पदवीचं वर्ष.
शेजारी तांबडी चांदणी. भरल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही.
शून्य टाकलं, घेतलं नाही.
आडवी रेघ मारली, घेतली नाही.
अठ्ठ्याण्णव टाकावं तर ते खोटं.
माझी बोटं थांबलेली पाहून तीच म्हणाली,
"हेच साल टाका की. माझं चालूच हाय अजून."

घेतलं.

आता ती शनिवारी येते, ग्रंथालयाच्या पायरीवर बसते,
पोरींचे अर्ज मांडीवर घेऊन
बोट ठेवून वाचते, जातीचा दाखला, रहिवासी, बँकेचं नाव,
"आईचं नाव पूर्ण लिही गं, नुसतं सौ. नको."
एकीनं विचारलं, मॅडम, तुमचा विषय कोणता?
ती म्हणाली, "राहिलेला."
पोरी हसल्या. ती पण.

वार्षिक अहवालात यादी वर्षवार छापतात.
बावीस वर्षांच्या पोरांच्याही खाली, सगळ्यात शेवटी
तिचं नाव, ताज्या बॅचमध्ये.
बैठकीत कुणीतरी बोट ठेवलं : ही चूक आहे का?
मी म्हणालो, तपासतो.

तपासलं नाही.
या कक्षात नियमित असं काही होत नाही.
फोन उचलत नाहीत, निधी येत नाही, पंखा तर आहेच.
फक्त दर जुलैला
मी तिची नोंद उघडतो
आणि साल एकानं पुढं सरकवतो.