गळती

नेरिओनं बत्तीस वर्षं
माराकाइबोच्या सरोवरात, तेलविहिरींच्या फलाटांवर
नळांचे सांधे जोडले.
आता तो माझ्या ओट्यापाशी बसून
चीजच्या कांड्यांवर पिठाच्या पट्ट्या गुंडाळतो
आणि एक डोळा मिटून
प्रत्येकीचं टोक उजेडात धरून बघतो.

"योलेइदा, ही गळणार."
"गळू दे की. खारट चीज, जाईल कुठे?"
"तेलात," तो म्हणतो.
मग आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत नाही,
जिकडे सरोवर आहे.

पीठ माझं.
मैदा, लोणी, एक अंडं, साखर चिमूटभर,
मळून मळून कानाच्या पाळीइतकं मऊ,
मग अर्धा तास ओल्या फडक्याखाली.
चीज पांढरं, कडक, बोटाएवढं कापायचं.
बोट कुणाचं, यावर आमचं
एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीपासून भांडण आहे.
पट्टी तिरकी फिरवायची,
प्रत्येक वेढा आधीच्याच्या अर्ध्यावर चढलेला,
शेवटी दोन्ही तोंडांना मुरड.
मुरड मात्र तोच घालतो.
माझ्यावर त्याचा तेवढा विश्वास नाही.

शनिवारी एग्लीच्या रोक्सिबेलला पंधरावं लागणार.
दीडशे तेकेन्योंची ऑर्डर, निम्मे पैसे आधी.
गुरुवारी दुपारपर्यंत दीडशे रांगेत निजले
फ्रीझरमध्ये, मैद्याची पावडर लावून.
दोन वाजता वीज गेली.

सहा वाजता आम्ही झाकण उघडलं नाही.
आठ वाजता उघडलं नाही.
नऊला नेरिओनं फटीतून नुसता हात घातला,
आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा,
आणि म्हणाला, "घाम आलाय."

कढई चढवली.
गॅस होता, हे नशीब.
आणि उजेड? उजेड कातातुम्बोचा:
दूर दक्षिणेला, सरोवराच्या पलीकडे,
आवाज न करता लखलखणारी वीज.
सरकारी नाही, म्हणून वेळेवर येणारी.
एका लखलखाटात सोडायचे,
रंग बघायचा पुढच्या लखलखाटात.
मधल्या अंधारात कानानं तळायचं:
आधी जोरात चरचर, मग बारीक कुजबुज,
कुजबुज थांबायच्या आत झारा.

पहिला घाणा निघाला आणि वासानं गल्ली उठली.
बोलावलं कुणालाच नव्हतं.
दाराशी टायरवाला एंदेर, त्याची सासू,
समोरची तिन्ही पोरं, उघडीवाघडी,
आणि एग्ली, कमरेवर हात ठेवून.
मागे रोक्सिबेल,
पायात रबरी सपाता, अंगात पार्टीचा झगा,
खालची दुमड अजून टाचण्यांवर.
"माप घेत होते," एग्ली म्हणाली, "तेवढ्यात वीज गेली."
मग जरा थांबून, "आता खाऊनच घेऊ.
दोन दिवसांनी पोरगी काय वेगळी दिसणार आहे?"

दीडशेत एकच फुटला.
नेरिओनं शिवी हासडली,
झाऱ्यानं कढईचा तळ खरवडला:
सांडलेलं चीज पसरून, तळून, लालसर जाळी झालेलं,
झग्याच्या लेसपेक्षा नाजूक.
तो ते बाजूला टाकणार
तर रोक्सिबेलनं हात पुढे केला.
कुर्रकन् मोडलं.
"हे अजून आहे?"
"नाही," तो म्हणाला. "तो दोष आहे."
"मग अजून दोष करा ना."

आख्खी गल्ली हसली. तो नाही.
पण मी शेजारीच उभी होते, मी बघितलं:
पुढच्या घाण्यातल्या एकाची मुरड
त्याने अंगठ्यानं हळूच उकलली.

तीन वाजून दहा मिनिटांनी वीज आली.
पंखा फिरला. नेरिओ खुर्चीतच झोपलेला,
मनगटावर तेलाचा नवा फोड, जुन्या डागांशेजारी.
निम्मे पैसे राहिलेत, ते मागायचे कसे?
मैदा उरलाय एक किलो.
आणि कोपऱ्यात रिकामा फ्रीझर
घरघर करत, इमानदारीनं,
काहीच नसलेलं गोठवत होता.